माणशी सहाशे रुपयांचा धंदा

२०२४-२५ या आर्थिक वर्षात इंडिगोने ११ कोटी ८० लाखांच्या आसपास प्रवासी नेले आणि वर्षअखेरीला ७,२५८ कोटी रुपयांचा निव्वळ नफा दाखवला. भागाकार केला तर माणशी सहाशे-सव्वासहाशे रुपये पडतात. विमानतळावर दोघांनी कॉफी घेतली, सोबत सामोसे घेतले की जवळपास तेवढेच जातात. आणि ही देशातली सगळ्यांत यशस्वी कंपनी. जगाचा हिशेबही फार वेगळा नाही. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना २०२५ साठी दर प्रवाशामागे सात डॉलरच्या आसपास नफा धरत होती. काही हजार कोटींची यंत्रं, शेकडो वैमानिक, रात्रंदिवस राबणारे इंजिनिअर, आणि हाती लागतात ते एवढे. त्यामुळे या धंद्यात एखादा खर्च माणशी पन्नास रुपयांनी वाढला, तरी मालकाची झोप उडते.

स्वस्त विमानसेवेबद्दल आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. एक, या कंपन्या सुरक्षिततेत काटकसर करतात. दुसरा, त्या खर्च वाचवतात आणि वाचलेले पैसे आपल्याला तिकिटात सोडून देतात. पहिला समज निकालात काढायला वेळ लागत नाही. देखभालीचे, परवान्याचे, तपासणीचे नियम महाग आणि स्वस्त कंपन्यांना एकच असतात, आणि युरोपात चिक्कूपणासाठी बदनाम असलेल्या रायनएअरच्या चाळीस वर्षांत विमान कोसळून एकही प्रवासी दगावलेला नाही. दुसरा समज जास्त चिवट आहे आणि अर्धाच खरा आहे. खर्च कमी ठेवणं कंपनीच्या मनात असतं आणि काही अंशी हातातही असतं. भाडं कमी ठेवणं हातात असलं तरी मनात कधीच नसतं. ते करायला तिला शेजारचा स्पर्धक भाग पाडतो.

आधी खर्चाचं बघू, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

या कारागिरीचं मूळ टेक्सासमध्ये. १८ जून १९७१ ला साउथवेस्ट एअरलाइन्सची विमानं डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये उडू लागली. एकाच राज्यात उडत असल्यामुळे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं भाडेनियंत्रण तिला लागू नव्हतं. पुढच्याच वर्षी पैशांची इतकी ओढाताण झाली की चारांपैकी एक बोईंग ७३७ विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच चालवायचं होतं. तीन विमानांत ते बसवायचं तर उतरलेलं विमान दहा मिनिटांत माणसं बदलून पुन्हा निघालं पाहिजे, असा हिशेब निघाला. तो त्यांनी जमवून दाखवला. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे त्या कंपनीचं भांडवलच ठरली: १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षं साउथवेस्ट नफ्यात होती. रायनएअरचे मायकेल ओ'लिअरी टेक्सासला जाऊन ही पद्धत पाहून आले. १९९० च्या दशकात युरोपचं आकाश खुलं झालं तेव्हा त्यांनी ती तिथे रुजवली, वर स्वतःची दोन-चार वळणं दिली.

विमान जमिनीवर उभं असताना कमवत नाही, पण त्याचं भाडं चालूच असतं. एकेका एअरबस ए३२० निओचं मासिक भाडं काही कोटींच्या घरात जातं, आणि ते डॉलरमध्ये मोजायचं. समजा, एक विमान दिवसात सहा फेऱ्या करतं, म्हणजे मध्ये पाच थांबे. प्रत्येक थांब्याला वीस मिनिटं वाचली तर दिवसाची शंभर मिनिटं हाती येतात, आणि तेवढ्यात पुणे-गोव्यासारखी एखादी छोटी फेरी जास्तीची बसते. तीच चाकं, तोच हप्ता, पण फेऱ्या सात. स्वस्ताईचं अर्धं गणित या एका ओळीत आहे.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर खिडकीतून हा खेळ छान दिसतो. विमान थांबायच्या आधीच माणसं ठोकळे घेऊन उभी असतात. चाकांना ठोकळे लागले, इंजिनं बंद झाली, की जमिनीवरून विजेची केबल जोडतात, म्हणजे विमानाचं शेपटातलं छोटं इंजिन चालवून इंधन जाळायला नको. एका बाजूला सामानाचा पट्टा लागतो, दुसऱ्या बाजूला इंधनाची गाडी. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं उघडतात. म्हणूनच पुष्कळदा आपल्याला एरोब्रिज न मिळता बसमधून नेतात: एरोब्रिजचे पैसे वाचतात आणि दोन दारांनी माणसं लवकर उतरतात. २०२२ मध्ये इंडिगोने काही ठिकाणी तिसरं दारही उतरण्यासाठी वापरायला सुरुवात केली, पाच-सहा मिनिटं वाचवण्यासाठी. जिन्याऐवजी तिने उतार असलेला रॅम्प आणला. व्हीलचेअरवाल्यांची सोय झाली, आणि चाकांची बॅग घेतलेला माणूस पायऱ्यांवर अडखळत नाही हा फायदाही झाला. शेवटचा प्रवासी दाराबाहेर पडायच्या आत केबिन क्रू मागच्या रांगांमधला कचरा गोळा करायला लागलेला असतो. सफाईची वेगळी टोळी चढायची, उतरायची, हा वेळ तिथे धरलेलाच नाही. तोवर एक वैमानिक पिवळं जाकीट घालून खाली विमानाभोवती फेरी मारतो, चाकं आणि इंजिनाची पाती डोळ्यांखालून घालतो. इकडे गेटवर पुढची रांग उभी. वजनाचा कागद, म्हणजे लोडशीट, वर पोचला, दारं लागली, ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं. हे सगळं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर.

जेवणाची गोष्टही याच हिशेबातली आहे. ताटं वाढायची तर ओव्हन हवेत, मोठ्या गाड्या हव्यात, त्यांना चढवायला-उतरवायला ट्रक हवा, नंतर खरकटं काढायला वेळ हवा. म्हणून मग गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत होणारे पोहे आणि उपमा. चवीबद्दल न बोललेलं बरं. पण त्या कागदी डब्यामुळे वजन, जागा आणि मिनिटं तिन्ही वाचतात, वर तो डबा विकत घ्यावा लागतो.

विमानं एकाच जातीची ठेवण्यामागेही वेळच आहे. सगळी ए३२० किंवा सगळी ७३७ असली की कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसवता येतो, सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात, आणि एक विमान बिघडलं तर दुसरं तसंच पुढे करता येतं. खुर्च्याही नियम बघून बसवतात. पन्नास आसनांमागे एक केबिन क्रू असा नियम आहे. १८६ खुर्च्यांना चार जण पुरतात आणि दोनशेपर्यंत चारच पुरतात, त्यामुळे त्या चौकटीत जितक्या खुर्च्या बसतील तितक्या बसवायच्या. गुडघे आखडतात ते या भागाकारामुळे.

आता एका अशा गोष्टीकडे वळू, जी प्रवाशाला कधीच दिसत नाही. माझ्या मते भारतातल्या यशस्वी आणि बुडालेल्या कंपन्यांमधला सगळ्यांत मोठा फरक तिथेच पडला. ती म्हणजे विमान विकत घेण्याची रीत.

राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांच्या इंडिगोने पहिलं विमान उडवायच्या आधीच, २००५ च्या पॅरिस एअर शोमध्ये, एअरबसकडे १०० विमानांची मागणी नोंदवली. नाव कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने शंभर विमानं मागावीत हे तेव्हा हास्यास्पद वाटलं असेल. पण विमानांच्या बाजारात घाऊक गिऱ्हाइकाला मिळणारी सूट अवाढव्य असते. समजा, एक विमान कंपनीला ३५० कोटींना पडलं आणि बाजारात त्याला ४०० कोटींचा भाव आहे. विमान कारखान्यातून बाहेर पडताच कंपनी ते भाडेपट्टा देणाऱ्या परदेशी संस्थेला ४०० कोटींना विकते आणि त्याच दिवशी तिच्याकडून पाच-सहा वर्षांच्या भाड्याने घेते. मधले पन्नास कोटी रोख हातात येतात, डोक्यावर कर्ज राहत नाही. पाच-सहा वर्षांनी, विमानाचा मोठा आणि महागडा उघडून पुन्हा जोडण्याचा खर्च यायच्या सुमाराला, विमान परत करायचं आणि नवं घ्यायचं. ताफा कायम तरुण. नवं विमान इंधन कमी पितं. ए३२० निओ जुन्या ए३२० पेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी. ४ ऑगस्ट २००६ ला दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला पहिलं विमान उडवणाऱ्या या कंपनीने जून २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्या दिवसापर्यंत कुठल्याही कंपनीने एका वेळी इतकी विमानं मागवली नव्हती. ५०० या आकड्यामागे देशातल्या प्रवाशांच्या वाढीचा अंदाज आहे हे खरं, पण घाऊक सूट टिकवण्याचा हिशेबही त्यात नक्की आहे.

ही युक्ती दुधारी आहे. विकून मिळालेली रोकड पहिल्या दिवशी दिसते आणि भाडं सहा वर्षं भरावं लागतं. रोकड नफ्यासारखी वाटायला लागली की कंपनी गोत्यात येते, आणि तशा काही आल्याही.

बाहेरच्या देशांत या सगळ्याच्या जोडीला आणखी दोन हुकमी पानं असतात. एक, शहरापासून लांबचा स्वस्त विमानतळ. रायनएअर ज्याला पॅरिस म्हणायची तो बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, आणि फ्रँकफर्टच्या नावाने विकलेला हान फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अशा ओसाड विमानतळांना प्रवासी हवे असतात, म्हणून ते शुल्क सोडतात, वर पैसेही देतात. आपल्याकडे हे पान खेळताच येत नाही. असलेल्या विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत सहसा दुसरा विमानतळ होऊ द्यायचा नाही, असं आपलं धोरण वर्षानुवर्षं राहिलं. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी वापरायला एकच. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची. पर्यायच नसेल, तिथे घासाघीस कुणाशी करणार?

दुसरं पान स्वस्त इंधनाचं, तेही आपल्याकडे नाही. भारतात विमान कंपनीच्या खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा इंधनाचा असतो, आणि विमानाचं इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं ११ टक्के उत्पादन शुल्क, वर प्रत्येक राज्याचा आपापला व्हॅट. तमिळनाडूचा २९ टक्के. महाराष्ट्राचा २५ टक्के होता. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडपुरता तो १८ वर आणला. राज्याराज्यांतल्या या फरकातून एक गमतीदार प्रकार चालतो. जिथे व्हॅट कमी तिथे टाकी गरजेपेक्षा जास्त भरून घ्यायची आणि महाग राज्यात उतरून परतीला तेच इंधन वापरायचं. जास्तीचं वजन उचलायला थोडं इंधन जास्त जळतं, तरी फायदा राहतो. राज्याच्या अर्थखात्याच्या फाइलमधल्या एका आकड्यासाठी टनावारी इंधन आभाळातून इकडून तिकडे फिरतं, हे पर्यावरणाच्या घोषणांशी कसं जुळवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

छोट्या विमानांना मात्र सरकारने सवलत दिली. ४० टनांपेक्षा हलक्या पंख्याच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर बराच कमी, आणि ८० पेक्षा कमी खुर्च्या असल्या तर देशांतर्गत उड्डाणांना लँडिंगचं शुल्क माफ, असं धोरण गेली अनेक वर्षं आहे. आपल्या छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर ७२ मध्ये ७८ पर्यंत खुर्च्या असतात, त्या सरकारच्या नियमात बरोबर बसतात.

विमानांचं भाडं, देखभाल, इंधन, सगळं डॉलरशी बांधलेलं आणि तिकीट रुपयात. रुपया घसरला की वैमानिकाने कितीही काटकसरीने विमान उतरवलं तरी उपयोग नसतो. थोडक्यात, भारतातल्या कंपनीच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिच्या आवाक्याबाहेर आहे. आवाक्यात उरतात ती मिनिटं, खुर्च्या, माणसं आणि खरेदी. या चार गोष्टी मग शेवटच्या टोकापर्यंत ताणल्या जातात.

आता तिकिटाकडे येऊ. साताऱ्या-कोल्हापुराकडे वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भाडं मात्र सगळ्यांना सारखं. विमानाचं बरोबर उलटं. ते ठरल्या वेळी निघणारच, रिकामी राहिलेली खुर्ची धावपट्टी सोडताच कायमची वाया जाणार. म्हणून इथे वेळ पक्की ठेवून भाव हलवतात. पुणे-दिल्ली विमानाच्या १८६ खुर्च्या समजा आठ-दहा कप्प्यांत वाटल्या: पहिल्या पंधरा ३,५०० ला, पुढच्या पंचवीस ४,२०० ला, असं चढत शेवटच्या दहा १४,००० ला. स्वस्त कप्पा संपला की पुढचा उघडतो. एखाद्या तारखेला विक्री अपेक्षेपेक्षा मंद असेल तर संगणक स्वस्त कप्पा मोठा करतो; गणपतीच्या आदल्या शुक्रवारी तो आधीच मिटवून टाकतो. भाव तुमचं नाव किंवा फोन बघून वाढतो असं लोकांना वाटतं, पण बहुतेक वेळा दोन मिनिटांत कुणीतरी शेवटच्या दोन खुर्च्या घेतलेल्या असतात. चार जणांचं तिकीट एकत्र काढताना स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील तर चौघांनाही वरचा भाव लागू शकतो, हे मात्र खरं. दोन-दोन करून पाहायला हरकत नाही.

गंमत म्हणजे ही विद्या स्वस्त कंपन्यांनी शोधली नाही, त्यांना मारण्यासाठी ती घडली. अमेरिकेत १९७८ मध्ये नियंत्रण उठल्यावर पीपल एक्सप्रेस नावाच्या कंपनीने सरसकट स्वस्त भाडी लावून मोठ्या कंपन्यांचे प्रवासी पळवले. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी जानेवारी १९८५ मध्ये उत्तर दिलं: सगळी भाडी कमी न करता, जेवढ्या खुर्च्या रिकाम्या जातील असा संगणकाचा अंदाज तेवढ्याच, आधी तिकीट काढणाऱ्यांना, पीपल एक्सप्रेसपेक्षाही स्वस्तात. शेवटच्या क्षणी येणारा व्यापारी पूर्वीसारखेच पैसे मोजत राहिला. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस संपली. आज तेच हत्यार प्रत्येक स्वस्त कंपनीच्या हातात आहे.

तिकिटाच्या बाहेर जे विकलं जातं त्याची दुसरी वही असते. खिडकीची जागा, पाय पसरता येतील अशी पहिली रांग, पंधरा किलोवरचं सामान, विमा, लवकर बोर्डिंग. या पैशांमागे जवळजवळ खर्चच नसतो, म्हणून ते नफ्यात सरळ उतरतात. रायनएअरच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा असाच येतो. शौचालयाला एक युरो लावू, लोकांना उभं राहून नेऊ, असली वक्तव्यं ओ'लिअरी अधूनमधून करत, ती खरी करायची नसतातच. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत कंपनीचं नाव फुकट छापून येतं. मला स्वतःला हे वेगळे पैसे लावणं मुळात अन्यायाचं वाटत नाही: पाठीवरची एक पिशवी घेऊन जाणाऱ्याने दुसऱ्याच्या चार बॅगांचं भाडं का भरावं? खटकतं ते वेगळं. तिकीट काढताना शेवटच्या पानावर जाईपर्यंत खरी किंमत कळू न देणं, आणि आईशेजारी मुलाला बसवण्यासाठी पैसे मागणं. दुसऱ्या प्रकाराला विमानसेवांची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये आळा घातला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका तरी पालकाशेजारी जागा द्यायलाच हवी.

भारतात या सगळ्याची सुरुवात झाली ऑगस्ट २००३ मध्ये, कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने. बंगळूरहून हुबळीसारख्या, विमानसेवेपासून लांब राहिलेल्या गावांना जोडणारी छोटी एटीआर, कागदी तिकीट नाही, फुकट जेवण नाही, आणि चिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. काही जागा एक रुपयात, कर वेगळा. लोकांनी रेल्वेच्या एसी डब्याच्या भावात विमान पाहिलं. या कहाणीवर २०२० मध्ये ‘सूरराई पोट्रु’ हा तमिळ सिनेमा आला आणि २०२४ मध्ये त्याच्या हिंदी अवतारात, ‘सरफिरा’मध्ये, नायक वीर म्हात्रे नावाचा मराठी माणूस झाला. सिनेमा जिथे संपतो त्यानंतरचा भाग जास्त शिकवणारा आहे. डेक्कन प्रवासी मिळवत गेली आणि पैसे गमावत गेली. एक रुपयाच्या तिकिटाने चर्चा झाली, पण दारात स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो उभ्या राहिल्यावर बाकीची तिकिटंही महाग करता येईनात. २००७-०८ मध्ये ती किंगफिशरने घेतली. किंगफिशरला परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांचा अनुभव दाखवणं भाग होतं, आणि डेक्कनची पाच वर्षं भरत होती. शानशौकीच्या कंपनीने काटकसरीची कंपनी पोटात घेतली, तिचं नाव ‘किंगफिशर रेड’ केलं, पुढे ते बंद केलं, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरही थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. तिने २००७ मध्ये एअर सहारा १,४५० कोटींना घेऊन हाच घोळ घातला होता. एकाच छताखाली दोन प्रकारचे खर्च चालवणं आजवर फार थोड्यांना जमलं आहे.

गो फर्स्टचं, म्हणजे पूर्वीच्या गोएअरचं, मरण वेगळ्या कारणाने आलं. मुंबईच्या वाडिया समूहाच्या या कंपनीचा सगळा ताफा एकाच जातीचा, बहुतेक इंजिनं एकाच कारखान्याची. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी दगा दिला, निम्मी विमानं जमिनीवर उभी राहिली, भाडं मात्र सगळ्यांचं चालू. मे २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. आगाऊ तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले. प्रवाशांकडून महिनाभर आधी रोख घ्यायची आणि पुरवठादारांची बिलं सावकाश भागवायची, या दोन तारखांमधल्या पैशांवर या कंपन्यांची गाडी चालते. गाडी थांबली की पहिला चिरडला जातो तो प्रवासी. भाडेपट्टा देणाऱ्यांनाही आपली विमानं परत मिळवताना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. म्हणून सरकारला आधी अधिसूचना आणि मग २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, नाहीतर प्रत्येक भारतीय कंपनीच्या विमानांचं भाडं वाढलं असतं.

लहान गावांसाठी सरकारने ‘उडान’ योजना काढली. २७ एप्रिल २०१७ ला सिमला-दिल्लीसोबतच नांदेड-हैदराबाद विमानसेवेला हिरवा झेंडा मिळाला. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, निम्म्या खुर्च्यांपुरते, आणि तुटीची भरपाई तीन वर्षं. पण तीन वर्षांनी काय? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात उत्तर आहे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ नी तीन वर्षं पुरी केली, आणि त्यानंतर टिकले ५४. नांदेडची सेवा चालवणारी ट्रूजेट बंद पडली. मोपाहून एटीआर चालवणारी गोव्याची फ्लाय९१ आता सिंधुदुर्ग, जळगाव अशा गावांना जोडू पाहते आहे. तिचा हिशेब जमतो का हे तिकिटाच्या किमतीपेक्षा रोज किती खुर्च्या भरतात यावरच ठरेल.

ताणलेल्या गोष्टी कुठे तुटतात ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. वैमानिकांच्या थकव्याबद्दलचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. नियम अचानक आले नव्हते, दीड-दोन वर्षं सगळ्यांना माहीत होते. पण ज्या कंपनीचं वेळापत्रक एकही वैमानिक जास्तीचा न ठेवता आखलेलं, तिच्याकडे तोंड द्यायला माणसं नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून जास्त. टर्मिनलमध्ये बॅगांचे ढीग, लग्नघरची मंडळी जमिनीवर. सरकारने तिला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली, वर वेळापत्रकात दहा टक्के कपात करायला लावली. इशारा आधीही मिळाला होता: २ जुलै २०२२ ला एअर इंडियाची भरती होती, तेव्हा केबिन क्रू मोठ्या संख्येने आजारी पडला आणि इंडिगोची निम्म्याहून जास्त विमानं उशिरा सुटली. पगार आणि माणसं या खर्चाच्या दोन ओळी कागदावर सगळ्यांत सहज कापता येतात, म्हणून त्यावरच सुरी आधी फिरते.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्टही दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. इंडिगो जमिनीवर आली तसे बाकीच्यांचे भाव आभाळाला भिडले, आणि ६ डिसेंबरला सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, दीड हजारांच्या पुढे १८,०००. बाकीच्या कंपन्यांचा खर्च त्या आठवड्यात एका पैशाने वाढला नव्हता. देशातल्या दर तीन प्रवाशांपैकी जवळजवळ दोघांना नेणारी कंपनी बाजूला झाली, एवढंच घडलं होतं.

आणि ती बाजूला न होताही हेच शांतपणे चालू असतं. देशातल्या अनेक मार्गांवर इंडिगोला स्पर्धकच नाही. तिथे तिचा खर्च कमी असूनही तिकीट स्वस्त असण्याचं काही कारण नाही. दिल्ली-मुंबईवर मात्र सकाळी तासाभरात चार कंपन्यांची विमानं निघतात, आणि एकीने भाव पाडला की संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना पाडावा लागतो. मधल्या काळात कंपन्यांमधल्या सीमारेषाही पुसट झाल्या आहेत. इंडिगोने बिझनेस क्लास आणला, जुलै २०२५ पासून मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमला मोठी विमानं पाठवली. लांब पल्ल्यावर मिनिटं वाचवण्याचा फायदा जवळजवळ उरत नाही. १९८२ मध्ये फ्रेडी लेकरची कंपनी आणि २०१९ मध्ये आइसलंडची वाव एअर तिथेच बुडाली, आणि नॉर्वेजियनने २०२१ मध्ये त्या मार्गांवरून अंग काढून घेतलं. साउथवेस्टनेही २०२५ मध्ये फुकट बॅगांची आपली जुनी खूण सोडली. अमेरिकेतली स्पिरिट वर्षभरात दोनदा दिवाळखोरीत गेली. काटकसर आता सगळेच करतात, त्यामुळे निव्वळ काटकसरीवर कुणी वेगळा उरत नाही.

म्हणून येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या प्रवाशाने इंधनाच्या व्हॅटइतकंच लक्ष स्लॉटकडे द्यावं. कुठल्या कंपनीला कुठल्या वेळी विमान उतरवण्या-उडवण्याची परवानगी, हा तो स्लॉट. सांताक्रूझला सकाळी सहा ते नऊच्या जागा कित्येक वर्षं भरलेल्या आहेत आणि ज्याच्याकडे आहेत तो त्या सोडत नाही. नव्या कंपनीला तिथे विमान असून उभं राहायला वेळ नसतो. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवाशांसाठी सुरू झाला, आणि कित्येक वर्षांनी या महानगरात अशा रिकाम्या जागा वाटायला निघाल्या आहेत. त्या इंडिगो आणि एअर इंडिया या मोठ्या दोन घरांतच गेल्या तर विमानतळ नवा आणि भाव जुने राहतील. अकासा एअरसारख्या तिसऱ्या-चौथ्या कंपनीच्या हाती दिल्ली आणि बंगळूरच्या सकाळच्या फेऱ्या लागल्या, तर शुक्रवारचं तिकीट खाली यायला इंडिगोने एक रुपया खर्च कमी करण्याची गरज पडणार नाही.